माय रेंजच्या बाहेर

ताडोबातल्या वाघाने जांभई दिली तरी तिचा फोटो निघतो. झाडाच्या बुंध्याला बांधलेला कॅमेरा समोरून काही ऊबदार हललं की रात्री दोनलाही जागा होतो. पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो, त्याला नंबर पडतो, नंबराचं नाव होतं, नावाला चाहते मिळतात. मग पुण्या-मुंबईची मंडळी कितीतरी आधी जिप्सी बुक करून त्याचं शेपूट बघायला येतात. बफरमधल्या सीतारामपेठला तर गावाच्या कडेला एआय कॅमेरे आहेत. वाघ समोर आला की माणसांच्या फोनवर इशारा जातो. झकास काम आहे. यात वाघही वाचतो आणि गुराखीही.

ताडोबाच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, आणि १९८२ साली त्याच्यातूनच वेगळ्या निघालेल्या गडचिरोलीत, साडेबाराशे ग्रॅमचं लेकरू जन्मलं की ते ‘काचेत’ जातं. काचेत म्हणजे एसएनसीयूत, आजारी नवजातांच्या खास कक्षात. आत वॉर्मर, कावीळ उतरवणारे निळे दिवे, नाकाला ऑक्सिजनची नळी. बाहेर बंद दार. दाराबाहेर फरशीवर वाकळ टाकून बसलेली माय, तिच्या शेजारी तिची माय, आणि जिन्यात तंबाखू मळत उभा असलेला बाप. आतलं वार्तापत्र दिवसातून दोन-तीनदा प्रसारित होतं, तेही दार किलकिलं झालं तरच.

“सिस्टर, कसं आहे जी लेकरू?”

“आहे बरं. दूध काढून आणा.”

झालं. बातम्या संपल्या.

साहेबांच्या देशांत यावर उपाय निघून बराच काळ लोटला. बॉस्टनच्या एका रुग्णालयाने १९९० च्या दशकाच्या शेवटीच अतिदक्षता विभागातलं बाळ घरच्या पडद्यावर दाखवायचा प्रयोग केला होता. २००६ च्या सुमारास आर्कान्सा राज्याच्या विद्यापीठ रुग्णालयाने पाळण्यावर कॅमेरे लावले. आता तिकडे यासाठी कंपन्याच आहेत. बाळाच्या पेटीवर एक दांडी, दांडीला कॅमेरा, आईबापांना पासवर्ड. ऑफिसात, घरी, बसमध्ये, जिथे असाल तिथे फोन उघडा आणि बाळ बघा. आवाज बहुतेक ठिकाणी बंद असतो. सुई टोचायची, नळी बदलायची वेळ आली की परिचारिका चित्रही बंद करते, म्हणजे ज्या क्षणी जीव सर्वांत जास्त टांगणीला लागतो नेमका तेव्हा पडदा काळा. कोविडात रुग्णालयांची दारं बंद झाल्यावर या धंद्याला आणखी बरकत आली.

अमेरिकेचे चोचले म्हणून हसणार असाल तर जरा दम धरा. आर्कान्सा म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. शेतीचं, खेड्यांचं, गरीब म्हणून गणलं जाणारं राज्य. मोठं रुग्णालय लिटल रॉक या राजधानीत, आणि बाळंतीण तीन-चार तासांच्या वाटेवर. बाळाला हेलिकॉप्टरने नेलं, आई टाक्यांसकट मागेच राहिली. हेलिकॉप्टर वगळा, ही गोष्ट आपली आहे.

आपली अशी असते. दक्षिणेकडच्या तालुक्यात कुठेतरी बाई अडते, सिझेरियन होतं, लेकरू रडत नाही किंवा वजनच भरत नाही. लेकरू १०८ मध्ये घालून गडचिरोलीला, तिथून प्रकृती बघून चंद्रपूरला नाहीतर थेट नागपूरला. सोबत बाप आणि आजी. माय मागच्या रुग्णालयात, पोटावर टाके आणि छातीत दूध घेऊन. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतरच दोनशे किलोमीटरच्या वर. नागपूर त्याच्याही पुढे. पाच-सहा दिवसांनी टाके काढून माय पोचते तेव्हा तिला कुणीतरी बोट करून दाखवतं, ते तिसरं तुमचं. आणि ती मान डोलावते, कारण दुसरं काय करणार?

अशा बाईसाठी कॅमेरा ही चैन नाही. नवजात विभागातल्या सिस्टरही सांगतात, दूध काढताना बाळाचा फोटो समोर ठेवा. बाळ दिसलं की पान्हा फुटतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं आणि ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकालाही ठाऊक आहे. लेकराच्या हलत्या चित्राने जर दोन चमचे दूध वाढत असेल तर त्या कॅमेऱ्याचे पैसे वसूल. माझा कॅमेऱ्याला विरोध नाही, हे इथेच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला बैलगाडीवाला म्हणेल.

आता आपल्याकडे तो कसा येईल ते डोळ्यांपुढे आणा. निविदा निघेल. कॅमेऱ्यावर ‘माननीय अमुक यांच्या प्रयत्नांतून’ असा स्टिकर लागेल, तो लेन्सवर येऊ नये एवढी प्रार्थना. लोकार्पणाला फीत कापली जाईल, नारळ फुटेल, चाळीस माणसं चपला घालून निर्जंतुक कक्षात शिरतील आणि सगळ्यात मागे, दाराबाहेर, आई उभी असेल, कारण तिच्यामुळे जंतुसंसर्ग होतो.

मग तिला लिंक मिळेल. लिंक पाठवायची कुठे, तर नवऱ्याच्या फोनवर, कारण तिचा नाहीच. नवरा गावी गेलाय. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी. हंगाम काही लेकराच्या वजनासाठी थांबत नाही आणि मजुरी बुडाली की घरातली बाकीची लेकरं उपाशी. गावात रेंज शाळेमागच्या टेकाडावर, तीही वारा असेल तशी. टॉवर उभे राहतायत, खोटं कशाला बोला, पण वीज गेली की टॉवरही जातो आणि पावसाळ्यात वीज जाते हे सांगायला हवामान खातं लागत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. त्या दिवसांत लाईव्ह बाळदर्शनाच्या पडद्यावर गोल गोल फिरणारं चाक तेवढं दिसेल. पलीकडे लेकरू, अलीकडे चाक. आणि फोनमधली बाई अत्यंत गोड आवाजात सांगेल की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. ती सांगेल शुद्ध मराठीत. ऐकणारी माय माडिया बोलणारी.

शहरातल्या सुनेची अडचण वेगळी. तिची लिंक दुपारपर्यंत ‘आपलं कुटुंब’ नावाच्या ग्रुपवर. पुण्याची आत्या लिहिणार, “नाक आमच्याकडचं.” नागपूरचे काका विचारणार, “नळी कशाची आहे ती? आमच्या साहेबांच्या नातवाला नव्हती.” बाराव्याच्या आधी लेकरू परक्याला दाखवायचं नाही असा आपला रिवाज, कपाळाला तीट लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. इथे तर उंबराच उरत नाही. तीट लावायची कुठे, स्क्रीनला? आणि पासवर्ड कुठल्या तारखेचा ठेवणार, तर बाळाच्या जन्मतारखेचा, जो हॉस्पिटलच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो.

एक शंका तर मला बरेच दिवस छळतेय. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आपण मानतो. एसएनसीयूत तिला सोडतात का? तिचा पास कोण काढतो? हातपाय धुऊन, गाऊन घालून, चप्पल बाहेर काढून ती येते की दाराबाहेरून परत जाते? हसू नका. नवजात मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. आपल्या म्हाताऱ्यांनी पाचवा दिवस उगाच धरला नव्हता. तोवर टिकलं तर पूजा मांडायची, एवढा हिशेब त्यांनी शेकडो लेकरं पुरून शिकलेला होता.

असो. मुद्दा कॅमेऱ्याचा. या दोन जिल्ह्यांत बघायला माणसं कमी पडतायत असं मला वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यातली एक गरोदर बाई जेसीबीच्या बकेटमध्ये बसून नाला ओलांडताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात अहेरी तालुक्यातल्या पत्तीगावचे आईबाप दोन लेकरांचे मृतदेह खांद्यावर टाकून जिमलगट्ट्याहून पंधराएक किलोमीटर चालत गेले, तेही साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. चित्र स्पष्ट होतं. रेंज होती. शेअर झालं, हळहळ झाली, सभागृहाबाहेर बाइट झाले. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरीच्या वाटेला स्वातंत्र्यानंतरची पहिली एसटी लागली तेव्हा तर मुख्यमंत्री स्वतः हजर होते, आणि अर्थातच कॅमेरेही. गडचिरोली दिसतं खूप. पोचायला वेळ लागतो.

बाळाला काचेतून बघण्याची हौसही काही नवी नाही. उबवणुकीच्या पेट्यांना काच आली ती पॅरिसच्या पिएर बुदँ या डॉक्टरच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि त्यातला एक हेतू आईला बाळ दिसावं हाच होता. आईला लांब ठेवलं, तिच्या हातून बाळाचं काही करून घेतलं नाही, तर काही आया बाळाला सोडूनच जातात, हे बुदँने तेव्हा लिहून ठेवलंय. पुढे स्वतःला त्याचा शिष्य म्हणवणारा मार्टिन कूनी नावाचा इसम निघाला. त्याने १८९६ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांसकट जिवंत बाळं मांडली आणि लोकांनी रांगा लावल्या. मग अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३, म्हणजे चाळीस वर्षं, हा खेळ चालू होता. पाळणे, झोके, नेमबाजी, आणि शेजारच्या तंबूत अपुऱ्या दिवसांची बाळं. तिकीट पंचवीस सेंट. ऐकून अंगावर काटा येतो, पण पुढचं ऐका: तिकिटाच्या पैशांतून तो बाळांची शुश्रूषा करायचा आणि आईबापांकडून छदाम घेत नसे. तेव्हाची बरीच रुग्णालयं या बाळांवर पाणी सोडून मोकळी व्हायची. याने हजारो वाचवली. बघणाऱ्याने पैसे द्यायचे आणि आईबापांना फुकट. आपल्या मोठ्या शहरांतल्या काही खासगी एनआयसीयूंत हा कॅमेरा आला तर बिलात ‘व्ह्यूइंग चार्जेस, प्रतिदिन’ अशी ओळ वाढेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

तिथून काच जी मध्ये आली ती आली. पुढच्या पिढ्यांनी तिला शास्त्र मानलं. आई म्हणजे जंतू, आजी म्हणजे जंतूंची आई. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात एदगार रे सानाब्रिया आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांकडे पेट्याच पुरेनात. एका पेटीत दोन-तीन बाळं, आणि ती एकमेकांचे जंतू घेऊन मरायची. नाइलाजाने त्यांनी बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीशी बांधलं आणि वरून कपडा गुंडाळला. बाळं जगली. त्याचं नाव कांगारू मदर केअर. गरिबाची तडजोड म्हणून जग बराच काळ त्याकडे नाक मुरडून बघत होतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत मिळून मोठी चाचणी केली. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची तीन हजारांवर बाळं. निम्म्यांना नेहमीसारखं, म्हणजे आधी पेटीत, प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे. निम्म्यांना जन्मताच आईच्या छातीशी, आणि त्यासाठी आईचा पलंगच अतिदक्षता विभागात. २०२१ मध्ये निकाल छापून आला. पहिल्या गटात महिन्याभरात १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्यात १२. म्हणजे मृत्यू चतुर्थांशाने कमी. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण आईला लांब ठेवणं हेच आता अन्यायाचं ठरत होतं. लक्षात घ्या, आई आत आली म्हणून संसर्गाने बाळं जास्त दगावली नाहीत. कमी दगावली.

आणि आपल्या सरकारला हे त्याआधीच पटलं होतं. दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना शिकवून आत घेण्याची पद्धत बसवली गेली आणि २०१७ साली केंद्राने ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शिका देशभर पाठवली. हात कसे धुवायचे, लेकरू कसं धरायचं, दूध कसं पाजायचं, छातीशी कसं बांधायचं, घरी गेल्यावर कशाने घाबरायचं, हे आईला आणि बापालाही शिकवा आणि आत सोडा, असं त्यात लिहिलंय. बापालाही! आपल्याकडे बापाला औषधाची चिठ्ठी देतात आणि जिन्यात उभं करतात. ती मार्गदर्शिका कुठल्या कपाटात आहे हे शोधायला मात्र खरोखर कॅमेरा लागेल.

लगेच सगळी काठी सिस्टरच्या पाठीत घालू नका. कागदावर एका परिचारिकेकडे तीन-चार बाळं असतात. प्रत्यक्षात एका वॉर्मरवर दोन लेकरं असतात, रात्रपाळीची एक जण रजेवर असते, दुसरी कंत्राटी असते आणि तिचा पगार थकलेला असतो. अशा बाईला तुम्ही म्हणालात की आता बारा आया आत येणार, तर तिला त्या बारा संशयित वाटणार. खरं तर त्या बारा बिनपगारी मदतनीस आहेत. लेकराचं अंग निळं पडलं, श्वास थांबला, दूध ओकलं, हे सगळ्यांत आधी कळतं ते ज्याच्या छातीवर लेकरू आहे त्याला. पण त्यासाठी आतमध्ये बसायला खुर्ची लागते, आडवं व्हायला पलंग लागतो आणि पलंगाला जागा. बहुतेक ठिकाणी इमारत बांधताना वॉर्मर किती ते मोजलं, माया किती ते मोजलं नाही.

जेवणाचंही बघा. जून २०११ मध्ये आलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला रुग्णालयात मोफत जेवण आहे. साधी बाळंतीण तीन दिवस, सिझेरियनवाली सात दिवस. लेकरू काचेत राहतं तीन-तीन आठवडे. चांगलं रुग्णालय असेल तर पुढेही वाढतं, पण त्या यादीतलं हक्काचं ताट तीन किंवा सात दिवसांचं. आठव्या दिवसापासून ती बाई रुग्ण नसते, ‘नातेवाईक’ असते. दर तीन तासांनी दूध काढून देणाऱ्या बाईला आपण बिस्किटाच्या पुड्यावर जगवतो आणि मग विचारतो, दूध का कमी येतंय?

या भागात कॅमेऱ्याबद्दल बोलताना भंडारा टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ ची पहाट. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली. दार उघडलं तेव्हा आत धूर भरलेला होता. सात बाळांना बाहेर काढणारी माणसंही तिथलीच होती, हे विसरू नये. मग चौकशी समिती बसली, सिव्हिल सर्जनपासून परिचारिकांपर्यंत कारवाई झाली, राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. त्या रात्री प्रत्येक पाळण्यापाशी एक माय असती तर? हा प्रश्न मला कुणाच्या माथी मारायचा नाही. पण दीड वाजता आपल्या लेकराच्या नाकाशी धूर आला तर झोपेतही उठणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि तिला आपण नियमाने बाहेर ठेवलेलं होतं. घरी बसलेल्या आईच्या फोनवर ते चित्र गेलं असतं, तर ती कुणाला फोन लावणार होती आणि तो कुणी उचलणार होता?

गंमत म्हणजे, लेकराची काळजी साध्या बाईच्या हाती सोपवण्याच्या बाबतीत साऱ्या जगाला धडा देण्याचा मान गडचिरोलीकडेच जातो. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा आणि नंतरही बराच काळ इथलं बहुतेक लेकरू घरीच जन्मायचं, आणि आजारी पडलं तरी रुग्णालयात जायचं नाही. अंतर, पैसा, भीती, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही हा रिवाज. मग त्यांनी ३९ गावांत उलटं केलं. लेकरू रुग्णालयात येत नाही ना, तर काळजीच घरी पाठवा. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाया निवडल्या. आरोग्यदूत. त्यांना तागडी दिली, थर्मामीटर दिला, श्वास मोजायचं साधन दिलं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं, थंड पडणाऱ्या लेकरासाठी उबदार झोळी दिली आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिनची सुई टोचायलाही शिकवलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला: खेड्यातली बाई नवजाताला सुई टोचणार? तीन वर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. २०११ मध्ये केंद्राने त्यावरूनच देशभरच्या आशा कार्यकर्त्यांना घरोघरी पाठवलं, बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी, एका लेकरामागे अडीचशे रुपये.

आर्कान्साने लेकराचं चित्र घरी पाठवलं. गडचिरोलीने दवाखानाच घरी पाठवला, तोही वायफाय नसताना. यात चढाओढ लावायची नाही. नऊशे ग्रॅमचं लेकरू झोळीत आणि तागडीवर वाचत नाही, त्याला काचच लागते, श्वासाचं यंत्र लागतं, रक्तात साखर मोजणारं कुणी लागतं. पण ज्या मातीने डॉक्टरकीतलं निम्मं ज्ञान पाचवी-सातवी शिकलेल्या बाईच्या हातात विश्वासाने दिलं, त्याच मातीतल्या बाईला स्वतःच्या लेकराला हात लावायला आपण नालायक ठरवतो, हे मात्र मला गिळता येत नाही. आरोग्यदूत परक्याच्या लेकराला सुई टोचू शकते. माय स्वतःच्या लेकराची दुपटी बदलू शकत नाही.

तेव्हा पालकमंत्री महोदय, जिल्हाधिकारी साहेब, आणि सीएसआरच्या फायली घेऊन फिरणारे कंपनीवाले, तुमच्यासाठी एक विनंती. पैसा नाही असं सांगू नका. चंद्रपूरचा कोळसा आहे, गडचिरोलीत सूरजागडचं लोखंड आता ट्रकच्या रांगांनी बाहेर पडतंय, आणि खाणींतून जमणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत आरोग्याला प्राधान्य द्यायचं असं नियमच सांगतो. आधी दर वॉर्मरमागे मायचा एक पलंग टाका, आतमध्ये, काचेच्या आत. लेकरू घरी जाईपर्यंत तिचं ताट चालू ठेवा. लेकरू हलवताना मायला त्याच्याबरोबर हलवता येईल अशी गाडी आणि तसा हुकूम काढा. टाके दुसऱ्या रुग्णालयातही काढता येतात. माडिया-गोंडी बोलणारी एक बाई प्रत्येक पाळीला नेमा. बापाचा बुडालेला रोज भरून द्या, बाळंतपणाआधी राहायच्या सरकारी माहेरघरात गरोदर बाईला देता तसा.

हे झालं की मग खुशाल कॅमेरे घ्या, आणि ते आधी त्या मायसाठी लावा जी खरंच येऊ शकत नाही: जी दुसऱ्या गावात टाके घेऊन पडलीय, जिचा रस्ता पर्लकोटेने अडवलाय. तिच्या वॉर्डात एक टॅब्लेट द्या, तिच्या नवऱ्याच्या फोनवर विसंबू नका.

आणि वाचकहो, तुमच्या घरातलं, शेजारचं, कामवालीचं लेकरू काचेत गेलं तर तोंड बंद ठेवून जिन्यात उभे राहू नका. हात स्वच्छ धुवा आणि सिस्टरना, डॉक्टरना नीट, अदबीने विचारा: मायला आत कधी घेता जी? २०१७ पासून सरकारची तशी लेखी सूचना आहे.